वाढत्या अंगाचा मदरबोर्ड

आमच्या घरात दोन वर्षं एक गोष्ट पक्की झालेली होती. ती म्हणजे माझ्या नातीला माप कळत नाही. पाहुणा आला की चहाबरोबर ही गोष्ट त्याला मिळायचीच. पोरीनं कॉम्प्युटर जुळवायला घेतला, कॅबिनेट एका मापाचं आणि आतला मदरबोर्ड भलत्याच मापाचा आणवला, अडीच इंच बाहेर! पाहुणा हसायचा, नात हसायची, मीही हसायचो.

ही गोष्ट खोटी आहे. माप तिचं बरोबर होतं. चूक मी केली आणि ती तिच्या नावावर चढली तेव्हा गप्प बसलो. गप्प बसणं ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

मी आर्णीत चाळीसेक वर्षं शाळेचे गणवेश शिवले. जून लागला की दुकानापुढे आयांची गर्दी. मी पोराच्या छातीला टेप लावला की त्याच्या डोक्यावरून आई म्हणायची, "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवजा बरं." म्हणजे सदरा चार इंच जादा, हाफपँट गुडघ्याच्या खाली आणि स्कर्टच्या पट्टीत चार बोटं कापड दुमडून ठेवायचं, दरवर्षी त्यातलं थोडं उसवायचं. पहिल्या वर्षी पोर गणवेशात हरवायचं, दुसऱ्या वर्षी सापडायचं, आणि तिसऱ्या वर्षी अंगाला बरोबर बसू लागला की गणवेश फाटायचा. घट्ट झालं म्हणून माझ्याकडे कोणी परत आलं नाही. ढगळ झालं म्हणून रडणारी पोरं पुष्कळ होती, पण पैसे त्यांच्या खिशात नसल्यामुळे त्यांचं ऐकायची पद्धत नव्हती.

नातीची दहावी झाली तेव्हा दुकान बंद करून मला काही वर्षं झाली होती. कापड कापायचं माझं मोठं टेबल तेवढं समोरच्या खोलीत उरलं होतं. नातीला कॉम्प्युटर हवा होता. बापाला तिनं सांगितलं, "अभ्यासाले." मला सांगितलं, "गेम खेळाले, आबाजी. पण पप्पाले नका सांगू." पैसे मोजकेच होते, म्हणून तयार न घेता सुटे भाग आणून घरीच जुळवायचा तिचा बेत होता. जागाही मोजकीच होती. माझ्या टेबलाच्या पोटात, जुनी इस्त्री आणि कूलर यांच्या मधे. बसस्टँडजवळचं नेट कॅफे बंद पडलं होतं, तिथलं एक बुटकं रिकामं कॅबिनेट तिला स्वस्तात मिळालं. आमची ही त्याला डबाच म्हणायची.

एके दुपारी नातीनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, माझा टेप आणि माझी कात्री घेतली आणि तीन तुकडे कापले. मी नव्या मापाचा सदरा कापण्याआधी कागदावर जसा कापून बघायचो, अगदी तसे. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू.

"हे मदरबोर्डाचे तीन माप," ती म्हणाली. "यावरच सारं बसते. हा मोठा, एटीएक्स. बारा इंच लांब, नऊ इंच पाच सूत रुंद. हा मधला, मायक्रो एटीएक्स. दोन्हीकून नऊ इंच पाच सूत. अन् हा लहाना, मिनी आयटीएक्स. पावणेसातले जरासा कमी."

सूत हे माप तिनं माझ्याकडूनच उचललेलं. एका इंचाचे आठ सूत. तिच्या शाळेत हे कोणाला ठाऊक नव्हतं, मास्तरांनाही नसावं.

"मंग लहानाच घे नं," मी म्हणालो. "कापड कमी, पैसे कमी."

"लहाना महाग पडते, आबाजी."

"काहून?"

"तेवढंच सारं इतकुशा जागेत बसवा लागते. ब्लाउजले कापड किती लागते? अन् शिलाई किती घेत होते तुम्ही?"

स्वयंपाकघरातून लगेच हिचा आवाज आला. "ब्लाउज मी शिवत होती. यायले बाही तरी बसवता येत होती काय?"

"बरं, मोठा घे मंग," मी विषय बदलला.

"मोठ्यात खाचाच खाचा हायेत. आपल्याले एकच कार्ड लावाचं हाय, गेमचं. बाकीच्या खाचा काय पूजेले?" तिनं मधला कागद उचलला आणि कॅबिनेटच्या आत ठेवला. चारही कोपरे बरोबर बसले. "हा मधला. स्वस्त बी हाय, पाहिजे तेवढं सारं यात हाय, अन् आपल्या डब्यात बी बसते. मोजून पाहा तुम्ही."

मी चष्मा लावून मोजलं. नऊ इंच पाच सूत. माझ्याच हातानं मोजलं आणि "बराबर" असं माझ्याच तोंडानं म्हणालो. हे लिहिताना पेन जरा अडखळतो आहे, पण लिहायला हवं.

यवतमाळच्या एका दुकानदाराकडून सामान घ्यायचं ठरलं. तेव्हा तिच्याकडे फोन नव्हता. ती माझ्या फोनवरून त्याच्याशी बोलायची, आठ-दहा वेळा तरी बोलली असेल. आधी हे बसेल का, मग ते चालेल का. तो तिला ताई म्हणायचा, मला काका.

एक दिवस ती मैत्रिणीकडे गेली होती आणि फोन वाजला. दुकानदार होता.

"काका, ताईनं सांगतलेला मधला बोर्ड संपला. आठ दिवस लागन यायले. पण मोठा हाय माह्याजवळ, त्याच भावात देतो. खाचा जास्त, मजबूत माल. बोला, लावू काय बिलात?"

ताई घरी नाही, ती आली की सांगतो, एवढं म्हणायचं होतं. बस, एवढंच. पण त्याच भावात मोठं, हे शब्द कानावर पडले आणि माझ्यापुढे जून महिना उभा राहिला. त्याच शिलाईत चार इंच जादा कापड कोण सोडतो?

"मोठाच द्या," मी म्हणालो. "वाढत्या अंगाचा बरा असते."

"वा काका, बराबर बोलले," तो म्हणाला.

डबा माझ्या डोक्यात आला नाही असं नाही. आला होता. मला वाटलं, आत कुठंतरी दुमडून बसेल. चाळीस वर्षांत आत दुमडता येत नाही अशी वस्तू माझ्या हातून कधी गेली नव्हती. शिवाय नातीला सांगायचं नाही असंही मी ठरवलं. बोर्ड घरी आला की तिला कळेल, ती म्हणेल, अरे वा, त्याच पैशात मोठा! मग मी हळूच सांगेन की कोणाचं डोकं होतं. दोन दिवस मी त्याच आनंदात होतो.

मुलगा यवतमाळला जाऊन सामान घेऊन आला. दुकानदारानं उपकार म्हणून प्रोसेसर आणि रॅम तिथंच बोर्डावर बसवून दिली होती, म्हणजे आता परत घेण्याचा प्रश्न संपला. नातीनं खोका उघडला. बोर्ड बाहेर काढला. डब्यावर ठेवला. मग आडवा धरून पाहिला, मग उभा. बोर्ड अडीच इंच बाहेर.

"हा मोठा हाय," ती म्हणाली.

"मोठा म्हणजे?" मुलगा म्हणाला.

"म्हणजे मी सांगतला तो नाई. मी मधला सांगतला होता."

मुलानं दुकानदाराला फोन लावला. पलीकडून आवाज स्पष्ट येत होता. "भाऊ, मी विचारूनच देल्ला. तुमच्या घरूनच मोठा सांगतला."

मुलानं फोन ठेवला आणि लेकीकडे पाहिलं. या घरातून त्या दुकानदाराशी बोलणारं माणूस एकच होतं.

"तूच सांगतलं असन नं?"

"नाई पप्पा, मी तं..." ती थांबली. तिनं त्या बोर्डाकडे पाहिलं, टेबलावरच्या कागदांकडे पाहिलं. "किती वेळा बोलली मी त्याईच्यासोबत. निंघून गेलं असन तोंडातून. मलेच समजलं नाई."

मी तिथंच होतो. तीन हातांवर. सांगायला एक क्षण होता, आणि त्या क्षणी माझ्या मनात आलं ते हे, की चाळीस वर्षांत मास्तरांनी कापड वाया घालवलं नाही, असं आर्णीत लोक म्हणतात. तो क्षण गेला. हिनं वर मीठ चोळलं, "यायले विचारलं असतं एकडाव तं असं झालं असतं काय? माप म्हणजे यायचंच." नात म्हणाली, "हो नं." आणि माझ्याकडे बघून ओशाळून हसली. ते हसणं मला अजून दिसतं.

कॉम्प्युटर मात्र चालू झाला. नातीनं बोर्ड एका प्लायवूडच्या फळीवर उघडाच बसवला आणि फळी टेबलावर ठेवली. कापडासारखं काही दुमडावं लागलं नाही. तो डबा रिकामा राहिला, हिनं त्यात कांदे भरले. आमच्या रस्त्यानं हंगामात कापसाच्या गाड्या जातात, घरात कापूस उडतो, कॉम्प्युटरच्या उघड्या पंख्यात अडकतो. माझं मन खात होतंच, म्हणून मी मशीन उघडली आणि उरलेल्या खाकी कापडाची त्या कॉम्प्युटरला खोळ शिवली. चेन लावली, वर खिसाही लावला. खोळ घालून अर्धा तास गेम चालला आणि कॉम्प्युटर तापून बंद पडला.

"आबाजी, त्याले ताप आला," नात म्हणाली. "गणवेश काढा त्याचा."

मग मी खोळीला दोन बाजूंनी मच्छरदाणीचं कापड लावलं. तेव्हापासून तो बरा आहे. खोळ अर्थातच चार इंच ढगळ आहे.

त्या दिवसांत नात मला शेजारी बसवून गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायला लावायची. मी सावकाश चालवायचो, वळणावर हॉर्न शोधायचो. ती म्हणायची, "आबाजी, शर्यत हाय, वरात नाई." आम्ही खूप हसायचो. सांगायला अशा कितीतरी वेळा होत्या. एकदा मी "तो बोर्ड..." इथपर्यंत आलोही. ती म्हणाली, "जाऊ द्या नं आता, झाली चूक माह्या हातून." तिनं ती चूक माफच करून टाकली, फक्त माणूस चुकीचा धरला होता.

घरात तिचं नाव 'बारा इंची' पडलं. बाजारातून पिशवी आणली की बाप विचारायचा, "मोजलं काय, बारा इंची?" मुकुटबनला दिलेली माझी मुलगी फोनवर भाचीची चौकशी करताना तेच नाव घ्यायची. सगळं प्रेमानंच. मीदेखील एकदोनदा ते नाव घेतलं. हेही लिहायचं ठरवलं होतं, लिहिलं.

नात हसायची, पण हळूहळू तिच्यात एक सवय शिरली आणि ती कोणाच्या लक्षात आली नाही. ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागली. गणित सोडवलं की मैत्रिणीला फोन, "बराबर हाय नं?" पडद्याचं कापड आणायचं तर खिडकी मोजून मला म्हणायची, "तुम्ही पाहा एकडाव." मैत्रिणीच्या भावाला कॉम्प्युटर जुळवायचा होता, तो विचारायला आला. तिला यातलं सगळं येतं, आमच्या गल्लीत दुसऱ्या कोणाला येत नाही. ती म्हणाली, "मले नोको विचारू बाप्पा, माह्यं चुकते." आणि त्याला दुसरीकडे पाठवून दिलं.

यंदा बारावी झाली. मार्क चांगले पडले. इंजिनिअरिंगच्या फॉर्मात कोणती शाखा भरायची यावर घरात बोलणं निघालं. तिला लहानपणापासून एकच शाखा घ्यायची होती, हे खोळीतल्या कॉम्प्युटरलाही माहीत होतं. फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उद्यावर आला होता. ती माझ्या टेबलापाशी बसली होती.

"आबाजी, मी फॉर्म भरत नाई. आर्णीतच बी.ए. करतो."

"कायले?"

"तिथं सारं मोजून-मापून राह्यते. एक खाच चुकली का सारं गेलं. माह्याकून होते तसं. घरी झालं तं लोक हासले. तिथं कोण हासन?"

बी.ए. वाईट नाही. माझ्या गणवेशातली कितीतरी पोरं बी.ए. होऊन मास्तर झाली. पण ही ते भिऊन घेत होती, आणि ती भीती मी शिवलेली होती. शिवलेलं उसवायचं कामही माझंच.

मुलगा जेवायला आला होता, ही वाढत होती. मी म्हणालो, "मोठा बोर्ड मी सांगतला होता."

कोणाला काही कळलं नाही. हिनं विचारलं, "कोन्ता बोर्ड?"

"तिचा. दुकानदाराचा फोन आलता तवा ती घरी नव्हती. मी उचलला. तो म्हणाला, त्याच भावात मोठा देतो. मी म्हणालो, द्या. तिच्या तोंडातून काई निंघालं नव्हतं. तिचं माप बराबर होतं. मी सोता मोजलं होतं."

मुलाचा घास हातातच राहिला. "बाबा, अन् हे तुम्ही आता सांगून राह्यले?"

"हो."

"दोन वर्षं मी पोरीले बारा इंची म्हणून राह्यलो!"

"मी बी म्हटलं," मी म्हणालो.

नात उठून आत गेली. दुपारभर बाहेर आली नाही. हिनं मला चहा दिला, पण कप टेबलावर असा ठेवला की अर्धा बशीत आला. मी तो बशीतूनच प्यालो. तक्रार करायची माझी जागा नव्हती.

चारच्या सुमारास नात दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते.

"फोनवर नेमकं काय म्हणाले होते तुम्ही?"

"मोठाच द्या म्हणालो."

"अजून?"

"वाढत्या अंगाचा बरा असते."

ती माझ्याकडे बघत राहिली. "बोर्ड?"

"हो."

"आबाजी, बोर्ड वाढते?"

"तवा मले वाटलं, खाचा हायेत तं पुढं काई लावता येईन..."

"अन् डबा?"

"दुमडून बसन असं वाटलं."

आधी तिचे ओठ हलले. मग ती दाराला धरून हसली, खाली बसून हसली, हसता हसता परत रडली. "दुमडून! मदरबोर्ड!" आतून हीसुद्धा हसल्याचा आवाज आला. मला वाटलं सुटलो. पण नात उठली, डोळे पुसले आणि म्हणाली, "हासली म्हणून माफ केलं असं समजू नका. मले दोन वर्षं वाटत होतं का माह्यं डोकंच धड नाई. रातभर आठवत बसली मी, कधी बोलली म्हणून. आठवेच ना. आठवन कसं?"

मी म्हणालो, "चुकलं माह्यं." नातीपुढे हे शब्द मी पहिल्यांदाच बोललो.

"मले नका सांगू. ज्याईले ज्याईले माहीत हाय त्याईले सांगा. फोन माह्यासमोर लावा."

मग मी मुकुटबनला फोन लावला. मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही तं आम्हाले बी लग्नापर्यंत ढगळेच फ्रॉक घातले," आणि तिचं जुनं गाऱ्हाणं सुरू झालं, ते वीस मिनिटं चाललं. त्यानंतर शेजारी. मग चौकातला पानठेलेवाला, ज्याला हे मीच रंगवून सांगितलं होतं. तो म्हणाला, "मास्तर, तुमचं माप चुकलं?" मी म्हणालो, "माप नाई चुकलं. मी चुकलो." नात मागे उभी राहून ऐकत होती. मैत्रिणीच्या भावाच्या घरीही गेलो. त्याच्या आईनं चहा केला आणि मला गणवेशाचा एक जुना किस्सा ऐकवला, त्यातही मीच दोषी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली, मैत्रिणीकडून आणलेला. खाकी खोळवाल्यावर गेम चालतात, पण फॉर्म छापायचं यंत्र मैत्रिणीकडे आहे आणि ते या लॅपटॉपलाच जोडता येतं. मी खुर्ची ओढून शेजारी बसायला गेलो तर तिनं हातानंच थांबवलं. मी पलंगावर बसलो. ती भरत होती, मागे जात होती, परत भरत होती. नाव, मार्क, शाखा. ओठ हलत होते. एकदाही तिनं मान वर करून कोणाला काही विचारलं नाही.

हिला राहवेना. "अवं, कोनाले तरी दाखवून घे. शेवटचा दिवस हाय. चुकलं-बिकलं तं?"

"झाला आजी," नात म्हणाली. "पाठवला."

"कोनी पाह्यला?"

"मी."

ही माझ्याकडे वळली. "बराबर भरला असन काय हो तिनं?"

मी काही बोलायच्या आत नात म्हणाली, "त्याईले नका विचारू, आजी. ते सारं चार इंच जादाच सांगतीन." आणि लॅपटॉप मिटून, तो परत करायला ती मैत्रिणीकडे निघून गेली.